काचेची होडी कशी सांधतात?

काचेची होडी पाण्यावर चालते असे कोणी सांगितले, तर तुम्ही हसाल. काच ठिसूळ असते. हातातून निसटली की तिचे तुकडे होतात. शिवाय ती पाण्याच्या सुमारे अडीच पट जड असते. अशा पदार्थाची होडी कोण करील? पण आज तलावांवर, धरणांच्या जलाशयांवर आणि पुराचे भय असलेल्या गावांत ज्या हलक्या रंगीत होड्या दिसतात, त्यांपैकी पुष्कळ होड्या काचेच्याच असतात. आपण त्यांना 'फायबरच्या होड्या' म्हणतो. फायबर म्हणजे तंतू. हे तंतू असतात काचेचे.

आपल्या सातारा-सांगली भागाला होडी काही नवी नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांना बामणोली-तापोळ्याकडे येण्यासाठी पाण्यावरची वाट धरावी लागते. कृष्णाकाठी तर पूर आला की गुऱ्हाळाची काहीलसुद्धा पाण्यात लोटतात आणि तिच्यात बसून माणसे पैलतीर गाठतात. लोखंडाची काहील तरंगते, कारण ती पोकळ असते आणि आपल्या वजनाइतके पाणी सहज बाजूला सारते. आर्किमिडीजचे तत्त्व शाळेच्या पुस्तकात येण्यापूर्वीच आपल्या आजोबा-पणजोबांनी ते असे वापरले होते.

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्यातील एका स्नेह्यांच्या परसात कित्येक वर्षे उलटी पडलेली फायबरची एक जुनी होडी मी आणि माझ्या काही विद्यार्थ्यांनी मिळून दुरुस्त केली. होडी दोन माणसांची, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती होती. अशा होडीला कनू म्हणतात. लांबी ४.५ मीटर, मधली रुंदी ८० सेंटिमीटर, वजन सुमारे ४० किलोग्रॅम. तळाला एका बाजूस वीतभर लांबीची भेग. घरच्यांचा विचार असा होता, की होडी नीट झाल्यावर ती सांगलीजवळच्या आजोळी, नदीकाठच्या गावात नेऊन ठेवावी. पुरात उपयोगी पडेल. ती पडेल की नाही, हा प्रश्न भौतिकीचा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी होडी कशाची बनते आणि कशी सांधते ते पाहू.

दोन दुबळ्यांची जोडी

गणपतीच्या मूर्ती करणारे कारागीर प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये काथ्या घालतात, हे तुम्ही पाहिले असेल. नुसते प्लॅस्टर वाकवले की कट्कन मोडते. काथ्या घातलेल्या प्लॅस्टरला तडा गेला तरी काथ्याचे धागे तो तडा धरून ठेवतात. जुन्या घरांच्या मातीच्या भिंतींत भुस्सा किंवा गवत घालत, त्याचेही कारण हेच. असे दोन पदार्थ आपापले गुण राखून एकत्र नांदतात, तेव्हा त्यांना संमिश्र पदार्थ म्हणतात.

फायबरच्या होडीत काथ्याची जागा काचतंतू घेतात आणि प्लॅस्टरची जागा पॉलिएस्टर रेझिन घेते. पण ठिसूळ काचेचा तंतू बळकट कसा? या कोड्याचे उत्तर ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मिळते. काच मोडते ती तिच्यातल्या अतिसूक्ष्म चिरांमुळे. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि चीर पुढे धावते. तंतू जितका बारीक, तितकी त्यात मोठी चीर असण्याची शक्यता कमी. ग्रिफिथला सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या काचकांडीपेक्षा ३ मायक्रॉनच्या आसपास जाडीचा तंतू दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ २० पट ताण सहन करताना आढळला. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत असे तंतू कारखान्यांतून भरपूर निघू लागले आणि १९४२ साली ओहायो राज्यातील रे ग्रीन याने काचतंतू व पॉलिएस्टर रेझिन यांची होडी तयार केली.

तेव्हा ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की होडीचा जोर तंतूंत आहे. रेझिनचे काम तंतूंना जागच्या जागी धरण्याचे आणि एका तंतूवरचा भार शेजारच्या तंतूंवर वाटण्याचे. भेग पडली म्हणजे तंतू तुटले. अशा भेगेत नुसते रेझिन किंवा लांबी भरून वरून रंग दिला, तर होडी नवी दिसेल. पण ती दुरुस्त झालेली नसेल.

आजार ओळखणे

वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तशी होडी आधी तपासावी लागते. ती धुऊन कोरडी करा आणि एक नाणे घेऊन तळावर जागोजाग टिचक्या मारा. चांगल्या भागातून टणक, खणखणीत आवाज येतो. आतले थर एकमेकांपासून सुटले असतील तेथे आवाज बद्द येतो. मातीचे मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी खूण म्हणजे पांढरे डाग. काचतंतूंचे कापड किंवा मॅट कोरडी असताना पांढरी दिसते. रेझिनमध्ये भिजली की पारदर्शक होते. कागदावर तेलाचा थेंब पडला की तो भाग आरपार दिसू लागतो, तसेच हे. काच आणि रेझिन या दोहोंचे अपवर्तनांक १.५५ च्या जवळपास असतात. त्यामुळे प्रकाशकिरणाला एकातून दुसऱ्यात जाताना सीमा जाणवत नाही. पण तंतू रेझिनपासून सुटले, की मध्ये हवा शिरते. हवेचा अपवर्तनांक १. मग प्रकाश ठिकठिकाणी विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. पांढरा डाग म्हणजे आतली पकड सुटल्याची खूण.

तिसरी खूण फोडांची. बरीच वर्षे पाण्यात राहिलेल्या होडीच्या तळावर कधी कधी बारीक फोड येतात. होडीच्या बाहेरच्या रंगीत थराला जेलकोट म्हणतात. त्यातून पाण्याचे रेणू हळूहळू आत झिरपतात, आतले काही पदार्थ त्यांत विरघळतात आणि तो द्राव आणखी पाणी ओढून घेतो. पाण्यात टाकलेला मनुका फुगतो त्याच परासरणाच्या क्रियेने हे फोड फुगतात. फोड फोडला तर आंबूस वासाचे पाणी निघते. म्हणून डोळ्यांना चष्मा लावूनच तो फोडावा.

गळती शोधायला होडीत पाणी भरून पाहण्याचा मोह होईल. भरा, पण बोटभर. जमिनीवर ठेवलेल्या आमच्या होडीत दोन सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम. दहा सेंटिमीटर भरले तर दोनशेच्या वर. पाण्यात असताना तळाला बाहेरच्या पाण्याचा आधार असतो. जमिनीवर तो नसतो. म्हणून होडी वाळूच्या पोत्यांवर नीट टेकवावी आणि मगच थोडे पाणी घालावे.

यानंतर होडी सावलीत, वारा लागेल अशी वाळवायची. ती वाळली हे कसे समजावे? दर आठवड्याला वजन करा. वजन उतरत उतरत एका आकड्यावर थांबले, म्हणजे आतले पाणी गेले. आमच्या होडीने या कामी जवळजवळ सगळा एप्रिल महिना घेतला.

बारा पटींचा नियम

आता दुरुस्ती. भेगेभोवतीचा सुटलेला भाग कापून टाकल्यावर आमच्या होडीच्या तळाला २० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद असे भोक झाले. तेथे तळाची जाडी ४ मिलिमीटर होती. भोकाच्या कडेला नवा तुकडा नुसता टेकवून चिकटवला, तर तो लवकरच उखडेल. कारण पूर्ण घट्ट झालेल्या जुन्या रेझिनशी नवे रेझिन फारसे रासायनिक बंध जोडत नाही. ते खरवडलेल्या पृष्ठाला चिकटून राहते एवढेच. म्हणून चिकटण्याचे क्षेत्रफळ वाढवावे लागते.

किती? ठोकळ मानाने हिशेब करू. अशा मॅटच्या थरांचा एक चौरस मिलिमीटर भाग सुमारे ९० न्यूटन ओढ सहन करतो. ४ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर रुंद पट्टीचे छेदक्षेत्र ४० चौरस मिलिमीटर, म्हणजे ती ३,६०० न्यूटन ओढ सोसेल. नव्या-जुन्याचा सांधा मात्र दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८ न्यूटन एवढीच ओढ सोसतो. तेव्हा सांध्याला ३,६०० ÷ ८ = ४५० चौरस मिलिमीटर जागा हवी. पट्टी १० मिलिमीटर रुंद आहे, म्हणून उतार ४५ मिलिमीटर लांब हवा. जाडीच्या हे सुमारे ११ पट झाले. कारागीर जाडीच्या १२ पट उतार घासतात, तो असा हिशेबात बसतो. आम्ही भोकाच्या चारी बाजूंना ५ सेंटिमीटर उतार घासला. त्यामुळे ठिगळ ३० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद झाले.

हे घासणे मोठ्या माणसांनीच करावे. उडणारी धूळ काचेची असते. ती अंगाला खाज आणते आणि श्वासाबरोबर आत जाणे वाईट. चांगला मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. काम उघड्यावर करावे आणि लहान मुलांना लांब ठेवावे.

रेझिन घट्ट होते म्हणजे काय?

पॉलिएस्टर रेझिन पाकासारखे दाट असते. त्यात पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळलेल्या असतात. हार्डनर म्हणून एक पेरॉक्साइड अगदी थोडे घातले, की साखळ्या स्टायरीनच्या दुव्यांनी एकमेकींना जोडल्या जातात आणि त्रिमितीय जाळे तयार होते. लाख तापवली की पुन्हा वितळते, पण उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही. घट्ट झालेले रेझिन अंड्यासारखे आहे. त्याला परतीचा मार्ग नाही.

या क्रियेत उष्णता बाहेर पडते. पातळ थरातून ती सहज निघून जाते. पण पेल्यात जास्त रेझिन एकदम कालवले, तर आतली उष्णता आतच कोंडते, तिने क्रिया आणखी वेगाने होते, मग आणखी उष्णता. शेवटी पेला धुमसू लागतो. वैशाखातल्या दुपारी हे फार लवकर होते. म्हणून सकाळच्या गारव्यात, थोडे थोडे रेझिन कालवावे.

एक गोष्ट अगदी ठळकपणे सांगतो. रेझिनला वेग देण्यासाठी कोबाल्टचे एक निळे-जांभळे द्रावणही वापरतात. कोबाल्टचे द्रावण आणि पेरॉक्साइडचे हार्डनर हे दोन्ही सरळ एकमेकांत कधीही मिसळू नयेत. त्याचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन विकत घ्यावे, म्हणजे घरी एकच बाटली उरते. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. स्टायरीनची वाफ डोके जड करते आणि पेटही घेते. जवळ विस्तव नको, बंद खोली नको.

आता माप. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचा एक थर घट्ट झाल्यावर सुमारे १ मिलिमीटर जाड होतो. ४ मिलिमीटरला चार थर. ठिगळाचे क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर. चार थरांचे ०.२४, म्हणून मॅट १०८ ग्रॅम. मॅटच्या अडीच पट रेझिन, म्हणजे २७० ग्रॅम. त्यात दीड टक्का हार्डनर, म्हणजे केवळ ४ ग्रॅम! आम्ही हे दोन हप्त्यांत कालवले.

सर्वांत मोठा तुकडा आधी लावतात, मग क्रमाने लहान. त्यामुळे पहिलाच अखंड थर उताराच्या सगळ्या पृष्ठाला धरतो. ब्रशने रेझिन थोपटायचे आणि रोलर फिरवून हवा बाहेर काढायची. पांढरी मॅट पारदर्शक होत जाते. कोठे पांढरे राहिले तर तेथे हवा आहे, हे आता तुम्हाला सांगायला नकोच. शेवटच्या थरावर पॉलिएस्टरचा पारदर्शक कागद अंथरतात, कारण हवेतला ऑक्सिजन पृष्ठावरची जोडणी रोखतो आणि उघडे रेझिन चिकट राहते. एक दिवस थांबून पॉलिश पेपरने घासायचे आणि जेलकोट द्यायचा. तो पाणी अडवतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रेझिनचे रक्षण करतो.

भरलेली होडी बुडते का?

होडी सांधली, पण काम संपले नाही. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी बहुधा पाण्याच्या पातळीशी तरंगत राहते, कारण बहुतेक लाकडे पाण्याहून हलकी असतात. फायबरची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते. ती होडी भरली की सरळ तळाला जाते, आणि बुडणाऱ्याला धरायला काहीच उरत नाही.

आमच्या ४० किलोग्रॅमच्या होडीचा पदार्थ ४० ÷ १.५ म्हणजे सुमारे २७ लिटर जागा व्यापतो. तो पूर्ण बुडाल्यावर २७ किलोग्रॅम पाणी सारतो. उरलेल्या १३ किलोग्रॅमसाठी १३ लिटर बंदिस्त हवा हवी. शिवाय दोन माणसे होडीला धरून पाण्यात राहिली, तर डोके वर ठेवण्यासाठी प्रत्येकी सुमारे ५ किलोग्रॅमचा आधार लागेल. दोघांचे १० झाले. ते दुप्पट धरून २०. एकूण ३३. आम्ही पाच-पाच लिटरचे आठ झाकणबंद प्लॅस्टिकचे डबे, चार पुढच्या टोकात आणि चार मागच्या, पक्के बसवले. एकूण ४० लिटर. दोन्ही टोकांत अशासाठी, की होडी भरली तरी आडवीच राहावी. थर्मोकोल मात्र रेझिनजवळ नेऊ नये. स्टायरीनमध्ये तो साखरेसारखा विरघळतो.

लहानशा गळतीला कमी लेखू नका. पाण्याखाली १० सेंटिमीटरवर १ चौरस सेंटिमीटरचे भोक असेल, तर पाणी दर सेकंदाला १.४ मीटर वेगाने आत येते. धार आकसते हे जमेस धरले, तरी मिनिटाला ५ लिटर पाणी भरते. आठ मिनिटांत ४० लिटर! आणि हे पाणी एका जागी बसत नाही. होडी ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला ते धावते आणि कल वाढवते.

मग पुराचे काय?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आमच्या होडीचा पाण्याच्या पातळीवरचा आडवा छेद सुमारे २.४ चौरस मीटर आहे. म्हणजे ती एक सेंटिमीटर खाली जाण्यासाठी २४ किलोग्रॅम भार लागतो. ६० किलोग्रॅमचा माणूस बसला, की ती अडीच सेंटिमीटर दबते. यावरून कोणी म्हणेल, की काठ तर ३० सेंटिमीटर उंच आहे, पाच-सहा माणसे सहज बसतील! हिशेब बरोबर, पण निष्कर्ष चुकीचा. होडी बुडण्याआधी उलटते. माणूस उभा राहिला की गुरुत्वमध्य वर जातो. सगळे घाबरून एका बाजूला सरकले की तो काठाकडे जातो. त्यात पुराचा ओढा, पाण्याखालची झाडे, तारा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. होडीत तिला झेपतील त्यांहून जास्त माणसे होती. जीव वाचवायला निघालेली होडीच अशी घात करते, तेव्हा भार आणि तोल हे विषय परीक्षेपुरते राहत नाहीत.

म्हणून घरच्यांना आमचे उत्तर 'नाही' असे होते. ती कनू आता शांत पाण्यात दोन माणसांना, अंगात जीवरक्षक जाकीट घालून, निर्धास्त नेईल. पुरासाठी रुंद, मुद्दाम त्यासाठीच बांधलेली होडी आणि शिकलेला नावाडी हवा. घरच्यांनी ते मान्य केले आणि होडी साताऱ्यातच राहिली.

तुम्ही काय कराल?

रेझिनचे काम मोठ्यांवर सोडा. पण दोन प्रयोग वर्गात करता येतील. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या ओता, एकीत काथ्याचे धागे घाला. वाळल्यावर दोन विटांवर आडव्या ठेवून मध्ये वजन टांगा आणि कोणती कशी मोडते ते पाहा. दुसरा प्रयोग : पसरट डबा बादलीत तरंगवा, त्यात एकेक नाणे टाका आणि दर नाण्याला डबा किती दबतो ते मोजा. मग सगळी नाणी एका कडेला सरकवा. डबा किती नाण्यांना बुडतो आणि किती नाण्यांना कलंडतो, हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

आणि तुमचे गाव नदीकाठी असेल, तर मृगाआधी शिक्षकांबरोबर जाऊन गावची होडी पाहून या. टिचकी मारून आवाज ऐका. पांढरे डाग शोधा. टोकांतल्या हवेच्या पेट्या बंद आहेत का, ते विचारा. किती माणसे घ्यायची तो आकडा होडीवर रंगवलेला आहे का, ते पाहा. नसेल, तर तो ठरवून मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या, असे ग्रामपंचायतीला लिहा. खाली तुमच्या वर्गाच्या सह्या करा.